लिनक्स चालू व्हायला वेळ का लागतो: ग्रबच्या मेनूपासून एफएसटॅबपर्यंत

सकाळी दहाला सेतू केंद्राचं शटर वर जातं, दाखल्यांसाठी रांग लागते आणि पीसीच्या पडद्यावर ठिपके नुसते फिरत राहतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे असे डेस्कटॉप पुष्कळ: नवं विंडोज झेपेना म्हणून उबुंटू किंवा मिंट टाकलेला, जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क, यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली. असा पीसी तीन मिनिटं घेऊ लागला की पहिला सल्ला ठरलेला, "फॉरमॅट मारून टाक भो." फॉरमॅटनं कधी कधी फरक पडतोही. पण खोट डिस्कच्या केबलमध्ये किंवा मदरबोर्डच्या सेलमध्ये असेल तर आठवड्यानं पुन्हा तेच. म्हणून आधी वेळ कुठे जातो ते मोजायचं, हात नंतर लावायचा.

खाली दिलेल्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी स्मॉल अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. जोडरेघ, टिंब, स्पेस जिथं दिसते तिथंच ठेवायची. ग्रबच्या (पीसी चालू होताना मेनू दाखवून लिनक्स सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) सेटिंग फाइलमधली नावं मात्र कॅपिटल असतात. पहिली चार-सहा अक्षरं लिहून टॅब दाबला की बहुतेक नावं आपोआप पूर्ण होतात, त्यामुळे स्पेलिंगची धास्ती नको. सगळं उबुंटू, मिंट आणि डेबियनला धरून आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स डेबियनवरच बेतलेलं असल्यानं तिथंही बहुतेक चालेल.

मोजणी

पीसी पूर्ण चालू झाला, की टर्मिनल उघडा आणि लिहा:

सिस्टमडी-ॲनालाइझ

उत्तर एका ओळीत येतं. समजा ते असं आलं: फर्मवेअर ६ सेकंद, लोडर ३२ सेकंद, कर्नल ३८ सेकंद, यूजरस्पेस १ मिनिट ४४ सेकंद. हे चार टप्पे एकामागून एक होतात, आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डचा स्वतःचा वेळ, लिनक्सचा त्याच्याशी संबंध नाही. लोडर म्हणजे ग्रब, आणि त्यात मेनू पडद्यावर थांबतो तो वेळही धरलेला असतो. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा आणि त्याच्यासोबत मेमरीत येणारी इनिटरॅमएफएस, खरी डिस्क जोडली जाईपर्यंतची तात्पुरती फाइल सिस्टिम. उबुंटू-डेबियनमध्ये इनिटरॅमएफएसचा आकडा वेगळा दाखवत नाहीत, तो कर्नलच्या खात्यात पडतो. यूजरस्पेस म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या सर्व्हिसेस, पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम. पीसी नव्या यूईएफआयऐवजी जुन्या बायॉस पद्धतीनं चालू होत असेल तर फर्मवेअर आणि लोडर हे दोन आकडे येतच नाहीत. तेव्हा मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या: बटण दाबल्यापासून कंपनीचा लोगो जाईपर्यंत, आणि तिथून मेनू जाईपर्यंत.

यूजरस्पेसचा वेळ जास्त असेल तर आणखी दोन आज्ञा:

सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम
सिस्टमडी-ॲनालाइझ क्रिटिकल-चेन

इथंच बहुतेकांची फसगत होते. ब्लेमच्या यादीत ज्या सर्व्हिसपुढे मोठा आकडा दिसेल ती बंद करत सुटायचं नसतं. सर्व्हिसेस एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे यादीतल्या आकड्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही. शिवाय काही सर्व्हिसेस स्वतः काहीच करत नाहीत, दुसऱ्याची वाट बघत बसतात. प्लायमाउथ-क्विट-वेट हे त्याचं ठळक उदाहरण: बूटचं चित्र पडद्यावरून उतरेपर्यंत ती थांबते, म्हणून तिचा आकडा नेहमीच मोठा. तिला बंद करून एक सेकंदही वाचत नाही. खरा अडसर क्रिटिकल-चेनमध्ये दिसतो. त्यात ॲटच्या चिन्हापुढचा आकडा ती सर्व्हिस यूजरस्पेस सुरू झाल्यावर किती वेळानं तयार झाली ते सांगतो, आणि अधिकच्या चिन्हापुढचा तिला स्वतःला किती वेळ लागला ते. अधिकचा आकडा जिथं फुगलेला, तिथं बोट ठेवायचं. चित्र बघून समजणाऱ्यांसाठी:

सिस्टमडी-ॲनालाइझ प्लॉट > बूट.एसव्हीजी

ही फाइल फायरफॉक्समध्ये उघडते. लांब लाल पट्टी कुठली आणि तिच्यामागे कोण खोळंबलं, हे नजरेनंच कळतं.

ग्रबचा मेनू

एकटंच उबुंटू असेल तर मेनू लपलेला असतो. यूईएफआय मशिनवर लोगो गेल्या गेल्या एस्केप दाबायचं. जुन्या बायॉसवर शिफ्ट दाबून धरायचं. एस्केप एकदाच. घाईनं चार-पाच वेळा दाबलं की मेनूऐवजी काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढा शब्द आणि कर्सर उरतो, आणि माणूस घाबरतो. बिघडलेलं काही नसतं. तिथं 'नॉर्मल' लिहून एंटर करा आणि लगेच एकदा एस्केप दाबा, मेनू परत येतो.

मेनूतली पहिली ओळ नेहमीची. दुसरी 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', हिच्यात बसवलेली सगळी कर्नल दिसतात, प्रत्येकाची एक साधी आणि एक रिकव्हरी मोडची ओळ. अपडेटनंतर पीसी अडकू लागला किंवा वायफाय गेलं तर पहिली चाचणी हीच: आधीच्या क्रमांकाचं कर्नल निवडून बघा. त्यावर व्यवस्थित चाललं तर दोष नव्या कर्नलचा, तुमच्या डेटाचा नाही. खाली मेमरी टेस्ट असू शकते. ती रॅम तपासते आणि रात्रभर चालू द्यावी लागते. 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' ही ओळ थेट बायॉसच्या सेटिंगमध्ये नेते, एफ२ की डिलीट हे शोधत बसावं लागत नाही. शेजारी विंडोज असूनही मेनूत दिसत नसेल तर ते उडालेलं नाही. ग्रबनं २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधणं मुळातच बंद ठेवलं आहे. सेटिंग फाइलमध्ये (/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब) ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ घातली की पुढच्या अपडेट-ग्रबला (ही आज्ञा खाली दिली आहे) ते सापडतं.

उबुंटू-मिंटच्या रिकव्हरी मोडमध्ये गेलं की छोटी यादी येते. 'क्लीन' जागा मोकळी करायला बघतं, 'डीपीकेजी' अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन पूर्ण करतं (मध्येच लाइट गेल्यावर याची फार गरज पडते), 'एफएससीके' डिस्कची फाइल सिस्टिम तपासतं, 'रूट' थेट रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरचं, टर्मिनल देतं. त्या टर्मिनलमध्ये डिस्क सहसा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. फाइल बदलायची तर आधी हे:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

उबुंटूमध्ये या रूटला बहुधा पासवर्ड विचारला जात नाही. शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये हे ध्यानात ठेवावं. कीबोर्डपुढे बसलेला कुणीही पोरगा सगळी मशीन हातात घेऊ शकतो. तिथं ग्रबला पासवर्ड घालणं बरं.

मेनूची खरी ताकद 'ई' या कळीत आहे. ओळ निवडून ई दाबा, छोटा एडिटर उघडतो. त्यात 'लिनक्स' शब्दानं सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्या शेवटाकडे 'क्वाएट स्प्लॅश' लिहिलेलं दिसेल. बदल करून कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबलं की त्याप्रमाणे बूट होतं. हा बदल त्या एका वेळेपुरताच, पुढच्या वेळी सगळं पूर्ववत. म्हणून इथं प्रयोग करायला भिण्याचं कारण नाही.

क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन्ही शब्द काढून टाका: ठिपक्यांऐवजी मजकुराच्या ओळी पळताना दिसतात आणि पीसी कुठल्या ओळीवर ताटकळतो ते डोळ्यांनी कळतं. रखडलेल्या बूटसाठी याहून स्वस्त तपासणी नाही. पडदा काळाच राहत असेल, विशेषतः एनव्हिडियाचं कार्ड असताना, तर शेवटी 'नोमोडसेट' जोडा. पडदा दिसू लागेल, ग्राफिक्स मंद असेल. ड्रायव्हर दुरुस्त करेपर्यंतची सोय. 'सिस्टमडी.युनिट=मल्टी-यूजर.टार्गेट' जोडलं की डेस्कटॉप न उघडता फक्त टर्मिनलचं लॉगिन मिळतं. आणि एखाद्या सर्व्हिसवर संशय असेल तर 'सिस्टमडी.मास्क=' पुढे तिचं पूर्ण नाव लिहा; त्या एका बूटपुरती ती गप्प राहते. कायमचं बंद करण्याआधी ही चाचणी घेतली की पस्तावायची वेळ येत नाही.

मेनू किती वेळ थांबावा हे /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये ठरतं. ग्रब_टाइमआउटपुढे २ किंवा ३ ठेवा. शून्य करू नका. अडचणीच्या दिवशी मेनू गाठणं मुश्किल होतं. बदल केल्यावर

सुडो अपडेट-ग्रब

चालवलं नाही तर फाइल बदलूनही काही होत नाही. ही विसरण्याची चूक सगळ्यांत जास्त दिसते.

आता वरच्या उदाहरणातले लोडरचे ३२ सेकंद. मागचं बूट अर्धवट राहिलं असेल, म्हणजे लोगोपासून लॉगिनपर्यंतच्या वेळात लाइट गेली असेल, तर उबुंटूचं ग्रब तशी खूण करून ठेवतं आणि पुढच्या वेळी मेनू ३० सेकंद दाखवतं. एक बूट नीट पूर्ण झालं की खूण पुसली जाते. लोडशेडिंगच्या दिवसांत सारखं असं होत असेल, तर त्याच फाइलमध्ये ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=५ अशी ओळ वाढवा आणि अपडेट-ग्रब चालवा.

दीड मिनिटाचं कोडं

बूटमध्ये बरोबर ९० सेकंदांची अडचण असेल तर ते योगायोगानं नसतं. सिस्टमडी, म्हणजे सगळ्या सर्व्हिसेस सुरू करणारा लिनक्सचा मुख्य प्रोग्रॅम, एखाद्या गोष्टीची मुळात तेवढाच वेळ वाट बघतो. क्वाएट काढून बूट केलं असेल तर पडद्यावर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर' अशी ओळ, पुढे डिस्कचा लांबलचक यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक), आणि १ मिनिट ३० सेकंदांकडे सरकणारं घड्याळ दिसतं.

अर्थ सरळ आहे. बूटच्या वेळी काय काय जोडायचं त्याची यादी /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये असते; तिच्यात जी डिस्क किंवा पार्टिशन नोंदवलंय ते आता मशिनमध्ये नाही. डेटाची दुसरी डिस्क काढून नेली, पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं, किंवा (हे सर्रास होतं) शेजारी दुसरं लिनक्स टाकताना इन्स्टॉलरनं सामाईक स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायचं डिस्कवरचं पार्टिशन) नव्यानं फॉरमॅट केलं आणि त्याचा यूयूआयडी बदलला. हरवलेलं पार्टिशन स्वॅप असेल तर ९० सेकंदांनी बूट पुढे सरकतं. साधं डेटा पार्टिशन असेल तर ९० सेकंदांनी थेट इमर्जन्सी मोड येतो.

आधी फाइलची प्रत ठेवा, मग तुलना करा:

सुडो सीपी /ईटीसी/एफएसटॅब /ईटीसी/एफएसटॅब.बॅक
एलएसबीएलके -एफ
कॅट /ईटीसी/एफएसटॅब

एलएसबीएलके आज हजर असलेल्या पार्टिशनचे यूयूआयडी दाखवतं. एफएसटॅबमधला जो त्यात नाही तोच गुन्हेगार. पार्टिशन कायमचं गेलं असेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका. नुसता यूयूआयडी बदलला असेल तर नवा लिहा. कधी जोडलेली, कधी काढलेली डिस्क असेल तर पर्यायांच्या रकान्यात 'डीफॉल्ट्स'ला लागून, मध्ये स्पेस न देता, हे जोडा:

डीफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=५एस

स्वल्पविरामानंतर स्पेस पडली तर पुढचा मजकूर वेगळा रकाना समजला जातो आणि ओळ बिघडते. रूटच्या ओळीला, म्हणजे नुसती तिरपी रेघ असलेल्या ओळीला, हात लावायचा नाही. शेवटी रीस्टार्ट करण्याआधी

सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय
सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड

फाइलमध्ये चूक असेल तर पहिली आज्ञा ती लगेच दाखवते.

स्वॅपचा यूयूआयडी बदलला असेल तर एक धागा अजून उरतो. हायबरनेटमधून उठण्यासाठी इनिटरॅमएफएस त्याच जुन्या स्वॅपला शोधत साधारण ३० सेकंद थांबतं आणि 'गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस' म्हणून पुढे जातं. वरच्या उदाहरणातले कर्नलचे ३८ सेकंद बहुधा हेच. /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम या फाइलमध्ये, कॅपिटल अक्षरांत, रिझ्यूम= आणि पुढे स्मॉल अक्षरांत नन, एवढी एकच ओळ ठेवा (फाइल नसेल तर बनवा) आणि सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा. हायबरनेट वापरत असाल तर नन ऐवजी कॅपिटल अक्षरांत यूयूआयडी= आणि त्यापुढे नवा क्रमांक.

सर्व्हिसेस

नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन नेट जोडलं जाईपर्यंत थांबते. राउटर पीसीबरोबरच चालू होत असेल तर पीसी आधी जागा होतो आणि राउटरची वाट बघतो. नेटवर्कवरचं फोल्डर बूटच्या वेळी जोडत नसाल तर ती बिनधास्त बंद करा (इथं नेटवर्कचा एन आणि मॅनेजरचा एम कॅपिटल):

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन.सर्व्हिस

उबुंटू सर्व्हरवर हीच भानगड सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन या नावानं येते आणि दोन मिनिटं खाते. दोन लॅन पोर्ट असून एकालाच केबल असेल तर हमखास. नेटप्लॅनच्या, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाइलमध्ये रिकाम्या पोर्टखाली 'ऑप्शनल: ट्रू' लिहा, सुडो नेटप्लॅन अप्लाय द्या.

सिस्टमडी-जर्नल-फ्लश मोठी दिसत असेल तर लॉग फुगलेत आणि डिस्क जुनी आहे. सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम (शेवटचा एम कॅपिटल). एकदा शिकायला टाकलेलं मायएसक्यूएल, डॉकर, अपाचे वगैरे रोज सकाळी उठत असेल तर त्यांना डिसेबल करा, लागेल तेव्हा हातानं स्टार्ट करता येतं. नावाची ओळख नसलेली सर्व्हिस मात्र बंद करू नका.

डिस्क, सेल, धूळ

ब्लेममध्ये एकही मोठा आकडा नाही, पण सगळंच थोडं थोडं मंद, असं असेल तर दोष बहुधा डिस्कचा. आधी कर्नलची तक्रार वाचा:

सुडो डीमेसेज --लेव्हल=एरर,वॉर्न

(मधला शब्द डी-एम-ई-एस-जी असा लिहितात, एरर म्हणजे ई-आर-आर आणि वॉर्न म्हणजे डब्ल्यू-ए-आर-एन.) त्यात 'हार्ड रीसेटिंग लिंक' किंवा 'फेल्ड कमांड' पुन्हा पुन्हा येत असेल तर स्मार्टमॉनटूल्स बसवून सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए चालवा. शेवटच्या रकान्यातला आकडा बघायचा. १९९ क्रमांकाची ओळ, सीआरसी एरर, वाढत असेल तर केबलची खोट. सॅटा केबल बदला, डिस्कला दोष देऊ नका. ५ किंवा १९७ क्रमांकाच्या ओळीत शून्याऐवजी आकडे दिसले, तर डिस्कचे सेक्टर मरताहेत. त्या दिवशी दुसरं काहीही न करता आधी डेटाची प्रत घ्या. मग एसएसडी. फिरत्या डिस्कचं डोकं जागा शोधत सरकतं आणि बूटच्या वेळी हजारो छोट्या फाइली वाचायच्या असतात, म्हणून या एका बदलानं जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच सेटिंगनं पडत नाही. जुनी डिस्क क्लोन केली तर दोन्हींचे यूयूआयडी एकच होतात. क्लोननंतर दोन्ही एकत्र लावून बूट करू नका, कुठल्या डिस्कवर लिहिलं जातंय ते कळणार नाही.

मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि बायॉसची सेटिंग्ज मूळपदावर येतात. परिणाम एकाला एक लागून: बूटच्या क्रमात लॅन वर येतं आणि पीसी नेटवर्कवरून बूट करायला बघत बसतो, डिस्कवरची शेवटची नोंद 'भविष्यातली' वाटल्यानं एफएससीके पूर्ण तपासणी सुरू करू शकतं, आणि चालू झाल्यावर वेबसाइटी सर्टिफिकेट चुकीचं म्हणतात. टाइमडेटसीटीएल लिहून आरटीसी टाइमची, म्हणजे मदरबोर्डच्या घड्याळाची, ओळ बघा. सेल बदलला की बायॉसमध्ये तारीख लावा, डिस्क पहिल्या क्रमांकावर आणा, नेटवर्क बूट बंद करा.

वीज अचानक गेल्यावर पडदा 'इनिटरॅमएफएस' असं लिहून थांबला आणि एफएससीके हातानं चालवा म्हणाला, तर त्यानंच वर सांगितलेलं पार्टिशन घ्या, उदाहरणार्थ एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२, मग एक्झिट. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र हे चालवू नका.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास खेळतो. पंख्यात कापसाची-मातीची धूळ बसलेली असेल तर प्रोसेसर बूट होतानाच तापतो आणि स्वतःचा वेग पाडतो. डीमेसेजमध्ये 'सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड' दिसलं की ब्रश आणि ब्लोअर घ्या, थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा.

पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचं किंवा पुढचं बटण एकदा बघा. बऱ्याच इन्व्हर्टरवर दोन खुणा असतात, एक साध्या वापराची आणि एक यूपीएसची. साध्या बाजूला असेल तर लाइट जाताना बदलायला तो जास्त वेळ घेतो, बल्ब नुसता मिचकतो पण पीसी रीस्टार्ट होतो. बटण यूपीएसच्या बाजूला सरकवा.